कालेबाचे वतन

कनान देश तुझ्या वंशास देईन, असे वचन परमेश्वराने अब्राहामास दिले होते. तथापि सारा मरण पावली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही भूमी त्याच्यापाशी नव्हती. हेब्रोनाजवळचे मकपेला येथील शेत व त्यातील गुहा त्याने एफ्रोन हित्ती याजपासून ४०० शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतली. पुढे तो स्वतः, इसहाक व याकोब हेही तेथेच पुरले गेले. वचन खरे ठरलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले नाही. ज्याला त्याच हेब्रोनाचे वतन मिळाले, त्या यफुन्नेचा पुत्र कालेब याचे हे चरित्र आहे.

कालेबाचा जन्म इस्राएल लोक मिसर देशात दास होते त्या काळी झाला. तो ४० वर्षांचा असता मोशेने कादेश-बर्ण्याहून १२ पुरुष कनान देश हेरावयास पाठविले. त्यांत यहूदा वंशाकडून कालेब होता. ४० दिवसांनी ते द्राक्षांचा मोठा घोस दांडीवर वाहून, डाळिंबे व अंजीर घेऊन परतले. देश उत्तम आहे याविषयी सर्वांचे एकमत होते. परंतु हेब्रोनात अनाकाचे धिप्पाड वंशज राहत होते. त्यांस पाहून दहा जणांचे धैर्य खचले व त्यांनी मंडळीचेही धैर्य खचविले. परमेश्वर आपल्याबरोबर आहे असे कालेब व यहोशवा यांनी निक्षून सांगितले, तेव्हा लोक त्यांस धोंडमार करावयास उठले.

या अविश्वासामुळे ती सर्व पिढी अरण्यातच मरेल असे ठरले. कालेबास मात्र, त्याने परमेश्वरास पूर्णपणे अनुसरल्यामुळे, ज्या भूमीवर त्याचे पाऊल पडले ती देण्याचे वचन मिळाले. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. अपराध इतरांचा होता, तरी अरण्यातील दीर्घ वर्षे कालेबासही भोगावी लागली. त्याच्या वयाचे लोक एकामागून एक मातीआड झाले. तरी तो कुरकुरला, किंवा मंडळीस सोडून एकटाच पुढे गेला, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

४५ वर्षे लोटली. गिलगाल येथे देशाची वाटणी होऊ लागली, तेव्हा ८५ वर्षांचा कालेब यहोशवापुढे उभा राहिला. त्याने सपाट व सुपीक शिवार मागितले नाही. जेथे अनाकी तटबंदीच्या नगरांत राहत होते, तोच डोंगराळ प्रदेश त्याने मागितला. यहोशवाने त्यास आशीर्वाद देऊन हेब्रोन वतन म्हणून दिले. मग कालेबाने शेशय, अहीमान व तलमय या तिघा अनाकींस तेथून घालवून दिले. देवाचे वचन होते म्हणून तो हात जोडून बसला नाही. वचन होते म्हणूनच तो लढावयास निघाला.

एवढ्या प्रतीक्षेने मिळालेले वतन त्याने मूठ आवळून धरले नाही. कन्या अखसा हिने आपल्या कोरड्या भूमीसाठी पाणी मागितले, तेव्हा त्याने तिला वरचे व खालचे असे दोन्ही झरे दिले. पुढे हेब्रोन नगर अहरोनाच्या वंशजांस देण्यात आले, व नकळत मनुष्यवध झालेल्यास आश्रय मिळावा म्हणून ते शरणपूर ठरले. कालेबाकडे नगराची शेते व खेडी राहिली.

अनेक पिढ्यांनंतर त्याच्याच कुळात नाबाल झाला. त्याची ३००० मेंढरे व १००० शेरडे होती. तरी दाविदाच्या भुकेल्या माणसांस भाकर देण्याचे त्याने नाकारले. वतन बापाकडून मुलाकडे येते, परंतु विश्वास तसा येत नाही. तो प्रत्येकास स्वतः धरावा लागतो.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या शेताची वाटणी करून लेकरांस देताना कालेबाचे मनही त्यांस शिकवू या. आणि वचनाची वाट पाहता पाहता जो थकला असेल, त्याने हेब्रोनाच्या डोंगराकडे चाललेल्या या वृद्धाचे स्मरण करावे.