लंडनचे पाणी आणि डॉ. जॉन स्नो

आपण कोणते पाणी पितो हे ज्याला ठरविता येत नाही, त्याच्या मरणाची जबाबदारी कोणाची? एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये हा प्रश्न आकड्यांच्या आधारे उभा केला तो डॉ. जॉन स्नो यांनी. यॉर्क येथे १८१३ साली एका मजुराच्या घरी त्यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते न्यूकॅसलच्या एका शल्यवैद्याकडे उमेदवारीस राहिले आणि तेथील कोळशाच्या खाणीत पटकीची साथ त्यांनी प्रथम पाहिली. पुढे भूल देण्याच्या शास्त्रात त्यांचा एवढा लौकिक झाला की, १८५३ साली व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले.

पटकी म्हणजे आपल्या किनारपट्टीची मोडशी. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनीही, ती दूषित हवेतून पसरते, असेच युरोपातील बहुतेक वैद्य मानीत. ती पाण्यातून पसरते, असे स्नो यांनी १८४९ साली प्रतिपादिले; फारसे कोणी मनावर घेतले नाही.

ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा १८५४ साली त्यांच्या सांगण्यावरून काढला गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. आमच्या मते त्यांचे खरे मोठे कार्य घडले ते थेम्सच्या दक्षिण तीरावर. तेथे एकाच गल्लीत, शेजारशेजारच्या घरांना दोन खाजगी कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा नदीच्या वरच्या अंगाला, थेम्स डिटन येथे हलविला होता. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीला, जेथे शहराचे सांडपाणी भरतीबरोबर परत येई, तेथलेच पाणी विकीत राहिली. कायद्याने १८५५ पर्यंत मुदत दिली होती. मग आधीच खर्चात का पडा? पट्टी बहुधा घरमालक भरी, त्यामुळे भाडेकऱ्याला कंपनीचे नावही पुष्कळदा ठाऊक नसे. स्नो दारोदार हिंडले. नाव कळेना तेथे नळाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट घालून पाहात. भरतीचा खारटपणा लगेच कंपनी सांगे. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे सदर्कच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या ग्राहकांत ३७. राहणी तीच, हवा तीच. वेगळा होता तो फक्त नळ. स्नो स्वतः शुद्ध केलेलेच पाणी पीत. सदर्कच्या बिऱ्हाडातील बाईला ती सोय कोठली!

हेच स्नो १८५५ साली संसदीय समितीपुढे हाडे उकळणाऱ्या कारखानदारांच्या बाजूने साक्षीस उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे. दुर्गंधीने पटकी होत नाही हे त्यांचे म्हणणे खरेच होते. तथापि तेथे राबणाऱ्या मजुरांच्या प्रकृतीविषयी त्यांनी दाखविलेला निर्धास्तपणा आम्हांस पटत नाही. लॅन्सेटनेही त्यांच्यावर कडाडून टीका केली.

१८५८ साली, अवघ्या ४५व्या वर्षी ते वारले. १८६६ साली ईस्ट लंडन कंपनीच्या न गाळलेल्या पाण्याने हजारो माणसे दगावली. लंडनच्या पाणी कंपन्या सार्वजनिक मंडळाच्या ताब्यात आल्या त्या १९०४ साली, आणि भागधारकांना त्याबद्दल रीतसर भरपाई मिळाली.