रोहिणीच्या पाण्यापासून लेनिनग्राडपर्यंत : आचार्य धर्मानंद कोसंबी



२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घातलं, अमेरिका युक्रेनच्या पाठीशी उभी राहिली आणि इकडे विक्रोळीत आमच्या घरातलं सूर्यफुलाचं तेल महागलं. त्या दिवसांत वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर पोरं विचारायची, की या बलाढ्य देशांनी आपसात मैत्री करावी असं म्हणणं हा भोळेपणा नाही का? आणि केलीच मैत्री, तर आपल्या पदरात काय पडणार? तेव्हा आम्हांस नीट उत्तर देता आलं नाही. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एक चरित्र लिहा असं मंडळाने सांगितलं, तेव्हा धर्मानंद कोसंबी आठवले. हा माणूस त्या दोन्ही देशांत राहून आला होता, आणि तोही बुद्धाच्या ग्रंथांपायी.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी त्यांचा जन्म झाला. शाळेतलं शिक्षण फारसं नाहीच. मराठी मासिकात बुद्धचरित्र वाचलं आणि त्याचा ध्यास लागला. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी. त्या माउलीने काय सोसलं असेल ते चरित्र लिहिणारे सहसा लिहीत नाहीत, म्हणून आम्ही इथे नमूद करतो. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोचले. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळ, बुद्धगया, आणि १९०२ साली सिलोनमध्ये सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली. नंतर ब्रह्मदेशही पाहिला.

परत आल्यावर कलकत्त्यात पाली शिकवण्याची चांगली नोकरी लागली होती. ती सोडून त्यांनी सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपये पत्करले, कारण त्यामुळे मराठी मुलखात राहून काम करता येणार होतं. याच महाराजांनी पुढे १९१३ मध्ये बाबासाहेबांना अमेरिकेला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

१९१० साली कोसंबी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. वॉरन नावाच्या पंडिताच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलेलं 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाचं संपादन पुरं करायचं होतं. तिथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी कामाच्या श्रेयावरून बिनसलं आणि १९१२ मध्ये ते परत आले. मान खाली घालून राहिले नाहीत. पण तोंडही कायमचं फिरवलं नाही. सहा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवून १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला गेले, त्यानंतर आणखी दोनदा गेले. आम्हांस ही गोष्ट फार मोलाची वाटते. मैत्री ठेवायची म्हणजे आपला हक्क सोडायचा असं नाही, आणि भांडण झालं म्हणजे दार लावून घ्यायचं असंही नाही.

अमेरिकेतच त्यांनी समाजवादाचं वाचन केलं होतं. १९२९ मध्ये ते थेट लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. त्या वेळी अमेरिकेने रशियाच्या सरकारला मान्यतासुद्धा दिलेली नव्हती. ती मिळाली १९३३ साली. दोन्ही सरकारांत बोलणं नाही, वकिलाती नाहीत, पण एक गोव्याचा माणूस इकडेही शिकवतो आणि तिकडेही! तिथली थंडी त्यांच्या प्रकृतीला मानवली नाही. १९३० मध्ये ते परत आले, मिठाच्या सत्याग्रहात पडले, तुरुंगात गेले. आणि १९३१ मध्ये पुन्हा अमेरिका. रशियाचा समाजवाद त्यांना हवा होता, त्यातली हिंसा नको होती. बुद्ध आणि मार्क्स या प्रश्नावर पुढे बाबासाहेबही २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूला बोलले.

१९३७ साली परळच्या गिरणगावात बिर्लांच्या पैशातून बहुजन विहार उभा राहिला आणि कोसंबी तिथे राहू लागले. हार्वर्ड पाहिलेला पंडित चाळीतल्या कामगारांमध्ये! आम्ही स्वतः गिरणीतले, त्यामुळे याचं अप्रूप जरा जास्त. दोनेक वर्षांनी त्यांनी ते स्थान सोडलं.

१९४०-४१ मध्ये त्यांचा 'भगवान बुद्ध' ग्रंथ आला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला ही कथा त्यांनी मानली नाही. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताच्या आधारे त्यांनी मांडलं की, शाक्य आणि कोलिय एकमेकांवर शस्त्र उचलतात हे पाहून त्याला वैराग्य आलं. शस्त्र धरलं की त्यातूनच भय निर्माण होतं, हे त्या सुत्ताचं सार. अणुबॉम्ब जमवून बसलेल्या देशांचं दुखणं याहून वेगळं काय आहे? भीती वाटते म्हणून हत्यार आणि हत्यार आहे म्हणून समोरच्याला भीती.

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनीही रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच गृहत्यागाचं कारण म्हणून घेतला. पण तिथे ते एक पाऊल पुढे जातात. शाक्य-कोलियांचा समेट झाल्याची बातमी सिद्धार्थाला वाटेत कळते. तो सुखावतो, तरी घरी परतत नाही. कारण देशादेशांतली भांडणं अधूनमधून होतात, वर्गावर्गांतलं भांडण कायमचं असतं. पोरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हांस इथे सापडलं. समेट हवाच, नाहीतर मरणारा शिपाई आपल्यासारख्याच घरचा असतो. पण समेट झाला म्हणून मालक-मजुराचा हिशोब मिटत नाही. शिवाय दोन मोठ्यांची दोस्ती तिसऱ्या लहानाच्या डोक्यावर नको. १९५४ च्या पंचशील कराराने तिबेटवर चीनचा ताबा मान्य झाला, तेव्हा बाबासाहेबांनी राज्यसभेत सरकारवर टीका केली होती, ती विसरता येत नाही.

शेवटी शरीर थकलं, व्याधींनी घेरलं. आपला भार कोणावर नको म्हणून कोसंबींनी सेवाग्रामला अन्न सोडलं आणि ४ जून १९४७ रोजी प्राण ठेवला. 'विसुद्धिमग्ग' हार्वर्डने १९५० साली छापला, त्यावर वॉरन यांच्यासोबत कोसंबींचं नाव आहे. त्यांचा मुलगा दामोदर हार्वर्डचा पदवीधर, मोठा गणिती. तो अणुबॉम्बविरोधी जागतिक शांतता चळवळीत १९५० नंतर अनेक वर्षं देशोदेशी फिरला. १९६६ मध्ये तोही गेला.

जयभीम.