संत कथबर्ट आणि बेटावरचे पक्षी

शरद ऋतूत इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, लिंडिस्फार्न बेटाभोवतीच्या खाजणांत दूर उत्तरेकडील स्वालबार्डहून हजारो रानहंस उतरतात. जवळच्या फार्न बेटांवर याच दिवसांत करड्या सील माशांना नव्हे, तर सील या सस्तन प्राण्यांना पिल्ले होतात. पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन जमतात. तेथील आयडर बदकाला लोक ‘कडीज डक’ म्हणतात. कडी हे संत कथबर्ट यांचे लाडके नाव.

कथबर्ट यांचा जन्म इ. स. ६३४ च्या सुमाराचा. तरुणपणी मेंढ्या राखल्या, मग ते मठवासी झाले. ६७६ साली ते इनर फार्न बेटावर एकांतवासाला गेले. खोलीभोवती त्यांनी उंच भिंत घातली आणि आतली जमीन खोल खणली. आकाशाखेरीज काही दिसू नये म्हणून. पक्षी पाहणाऱ्याला ही जागा तशी गैरसोयीचीच! पण पक्षी आपणहून आले.

संत बीड यांनी लिहिलेल्या चरित्रात ती हकीकत आहे. गहू उगवला नाही, उशिरा पेरलेले जव मात्र तरारले. पाखरांनी त्यावर धाड घातली. कथबर्ट यांनी दगड उचलला नाही. तुमची गरज माझ्याहून मोठी असेल आणि देवाने परवानगी दिली असेल तर खुशाल खा, नाही तर परक्याच्या धान्याला चोच लावू नका, असे त्यांनी पाखरांना सांगितले. पाखरे उडून गेली. मला त्यांच्या उडून जाण्यापेक्षा तो ‘असेल तर’ मोलाचा वाटतो. शेत ज्याने घाम गाळून पिकवले, तोच पाखरांच्या हक्काचा विचार आधी करतो.

आयडर बदकांचा उल्लेख मात्र बीड करीत नाहीत. तो बाराव्या शतकातील डरहॅमच्या रेजिनाल्ड या मठवाशाच्या लिखाणात येतो. त्यामुळे पक्षिरक्षणाचा पहिला कायदा कथबर्ट यांनी केला, हे जपूनच म्हणावे. तरी त्यांच्या नावाच्या धाकाने ही बदके त्या काळी सुरक्षित राहिली, एवढे खरे.

६८४ साली त्यांची बिशपपदी निवड झाली. निरोपांना ते बधेनात, तेव्हा राजा स्वतः होडीने बेटावर आला. डोळ्यांत पाणी आणून कथबर्ट निघाले. जवळजवळ दोन वर्षे गावोगाव फिरले. ६८६ चा नाताळ आटोपून ते पुन्हा पक्ष्यांच्या बेटावर परतले आणि २० मार्च ६८७ रोजी देवाघरी गेले. सोबतच्या मठवाशाने दोन मेणबत्त्या पेटवून उंचावर धरल्या. लिंडिस्फार्नवर पहाऱ्याला बसलेल्या बंधूला त्या दिसल्या.