वेस्ली साहेबांचें भय

मेथडिस्ट मंडळीचे संस्थापक जॉन वेस्ली साहेब यांचें नांव आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक आहे; परंतु ते मरणास फार भीत असत, हें थोड्यांसच ठाऊक असेल. इ. स. १७३५ त ते इंग्लंडाहून अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतीं उपदेश करण्यास निघाले. त्याच जहाजावर मोरेव्हियन मंडळीचे २६ जर्मन लोक होते. ता. २५ जानेवारी १७३६ रोजीं संध्याकाळीं हे लोक उपासनेच्या आरंभीं स्तोत्र गात असतां प्रचंड लाट आदळली, मुख्य शीड फाटलें व पाणी खालच्या मजल्यांत शिरलें. इंग्रज उतारू किंकाळ्या फोडूं लागले. जर्मन लोकांचें स्तोत्र मात्र थांबलें नाहीं. मागाहून वेस्ली साहेबांनीं त्यांतील एकास विचारलें, तेव्हां कळलें कीं त्यांच्या बायकामुलांसही मरणाचें भय वाटलें नव्हतें. आम्हांस वाटतें, जॉर्जियांत कोणास उपदेश करण्यापूर्वीं साहेबांसच हा उपदेश मिळाला.

इ. स. १७३८ त ते खिन्न होऊन परतले. ता. २४ मे रोजीं रात्रीं लंडनांतील एका सभेंत रोमकरांस पत्राची लूथरकृत प्रस्तावना वाचली जात असतां, ख्रिस्तानें आपलेंही पाप हरण केलें अशी त्यांस खात्री झाली. तरी त्याच रात्रीं शंका पुनः उठल्या. विश्वास ठेवणारास भय कधींच शिवत नाहीं असें कोणीं समजूं नये. प्रत्येक वेळीं ते देवाचा धांवा करीत.

इ. स. १७४३ त वेन्झबरी व वॉल्सल येथील दंगेखोरांनीं त्यांस मारीत ओढीत नेलें. जहाजांत कांपणारे साहेब तेथें मोठ्यानें प्रार्थना करूं लागले, आणि त्या जमावाचा पुढारीच त्यांचा रक्षक झाला.