मावळच्या वाटांवरचा अभ्यासक

समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थी जात, रूढी, क्षेत्रकार्य या शब्दांच्या व्याख्या पाठ करतो. त्या व्याख्या गावात आणि बाजारात कशा तपासायच्या, हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या कामातून कळते. ते स्वतः मात्र गणिताचे प्राध्यापक होते.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन दामोदर भारतात परतले. आधी काशी हिंदू विद्यापीठात आणि मग अलिगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी गणित शिकवले. पंचविशीच्या आतच दोन्ही ठिकाणचे तरुण त्यांचे विद्यार्थी झाले होते. १९३३ पासून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. घर पुण्यात असल्याने मुंबईला जाणे-येणे डेक्कन क्वीनने होई. गाडी रोज मावळातूनच जाई.

जुनी नाणी तोलून त्यांची संख्याशास्त्रीय तपासणी करता करता ते इतिहासाकडे वळले. राजांच्या याद्यांवर त्यांचे समाधान होईना. सामान्य माणूस काय पिकवत होता, कुठल्या वाटेने चालत होता, कुणाला नवस बोलत होता, हे त्यांना हवे होते. त्याची उत्तरे सगळीच पोथीत नव्हती. म्हणून काठी घेऊन ते डोंगर तुडवू लागले. गावकऱ्यांना, धनगरांना विचारू लागले.

कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत सुतार आहे, अत्तर विकणारा गंधी आहे, परदेशातून आलेले यवनही आहेत. कोकणातल्या बंदरांकडून घाट चढून येणाऱ्या व्यापारी वाटेशी कोसंबींनी या दानांचा संबंध जोडला. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे देऊळ आहे आणि कोळी बांधव समुद्रकाठाहून तिच्या यात्रेला येतात. लेणी खोदण्याआधीपासून इथे वाटा आणि मातृदेवतांची ठाणी असावीत, असा त्यांचा तर्क होता. सूर्य मावळतो ती दिशा म्हणून मावळ, असे सर्रास सांगितले जाते. कोसंबींनी मात्र कार्ल्याच्या शिलालेखातले ‘मामाळ’ हे नाव आणि पाण्याकाठच्या ‘मावलाया’ देवता यांची सांगड घातली.

त्यांचे सर्व निष्कर्ष आज मान्य होतात असे नाही. स्वभावही फटकळ होता. १९६२ मध्ये मुंबईच्या संस्थेतले त्यांचे काम संपले. त्याच वर्षी या भटकंतीवर उभे असलेले त्यांचे ‘मिथ अँड रिअॅलिटी’ हे पुस्तक आले. २९ जून १९६६ रोजी, साठीही न गाठता, पुण्यात त्यांचे निधन झाले.

निरक्षर धनगराकडेही इल्म असतो आणि तो मिळवायचा तर अभ्यासकाने त्याच्या दारी जावे लागते, हे त्यांनी आचरणाने दाखवले. लोणावळा-तळेगावच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी लांब जायला नको. गावच्या जत्रेत पालखीचा मान कुणाचा, उरुसात चादर कोण आणतो, नैवेद्य कुणाच्या घरून येतो, हे वहीत नीट टिपले, तरी पाठ केलेल्या व्याख्यांना माणसांचे चेहरे मिळतील.