दुसऱ्याच्या शेतात राबणारे गाडगेबाबा

मुलांनो, फेब्रुवारी-मार्च महिन्यांत धाराशिव जिल्ह्यात ज्वारीची सुगी सुरू होते. भूम, परांडा, वाशी या भागांत तुम्ही ती पाहिली असेल. सकाळीच मजुरांची टोळी शेतात येते. काहीजण उभी ज्वारी मुळासकट उपटतात, काहीजण पेंढ्या बांधतात, तर काहीजण कणसे मोडतात. एका शेताचे काम संपले, की टोळी दुसऱ्या शेतात, दुसऱ्या गावाला जाते. याच जिल्ह्यातल्या आणखी काही टोळ्या दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात आणि ऊस तोडायला दूरच्या साखर कारखान्यांकडे निघतात.

अशा कष्टकरी माणसांचे सुखदुःख ज्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते, अशा एका थोर पुरुषाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव गाडगेबाबा. ते विदर्भातले, पण सारा महाराष्ट्र त्यांनी पायांखाली घातला.

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेणगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी लवकर वारले. घरची सारी शेती गेली. तेव्हा आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी आपल्या माहेरी राहायला आली.

आजोळी डेबू गुरे राखू लागला. त्याला शाळा मिळाली नाही. शेत हीच त्याची शाळा झाली. नांगरणी, पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, ही सारी कामे तो शिकला. त्याचा हात असा चालायचा, की बरोबरीचे गडी मागे पडत.

पण एवढी मेहनत करूनही घरावर संकट आले. डेबूचे मामा चंद्रभान यांनी सावकाराकडून कर्ज घेतले होते. ते फेडत राहिले. पण सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे, हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. कर्ज वाढत गेले आणि जमीन हातची गेली. त्या दुःखाने मामा खचले आणि वारले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा तरुण डेबू त्यांच्यापुढे निर्भयपणे उभा राहिला आणि त्याने त्यांना परत पाठवले.

मुलांनो, जरा विचार करा. शेत चांगले पिकत होते. राबणारे हात बळकट होते. मग धान्य गेले कुठे? ते दारूने नेले, कर्जाने नेले आणि निरक्षरपणाने नेले. ही गोष्ट डेबूच्या मनात कायमची कोरली गेली.

1892 मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. संसार सुरू झाला. पण लोकांचे दुःख त्यांना स्वस्थ बसू देईना. 1 फेब्रुवारी 1905 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचे कपडे, हातात खराटा आणि मातीचे गाडगे, एवढेच त्यांचे सामान. त्या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यानंतर सुमारे बारा वर्षे ते गावोगाव हिंडले. वाटेत कोणाच्या शेतात काम चाललेले दिसले, की न बोलावता ते तिथे जात आणि कामाला लागत. कोणाचे पीक कापून देत, कोणाची लाकडे फोडून देत. हा अनोळखी, फाटका माणूस पाहून लोक आधी हसत. पण त्याचे काम पाहून चकित होत. काम झाले, की मिळालेली चटणी-भाकरी खाऊन ते पुढच्या गावाची वाट धरत. पैसे मात्र घेत नसत.

मग मजुराने मजुरी मागूच नये काय? असे मुळीच नाही. पैसे न घेणे हे बाबांचे स्वतःचे व्रत होते. पोटासाठी राबणाऱ्याला त्याची पूर्ण मजुरी मिळालीच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे. बाबांना सांगायचे होते ते वेगळेच. काम केल्याशिवाय भाकरी खाऊ नये आणि कोणतेही काम हलके मानू नये, हे ते आपल्या वागण्यातून शिकवत होते.

दिवसा ते खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनात ते श्रोत्यांना साधे साधे प्रश्न विचारत. कर्ज काढून सण आणि लग्ने करू नका, दारूला शिवू नका, शिवाशिव पाळू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, असे ते कळकळीने सांगत. आणि सर्वांत जास्त आग्रह धरत तो मुलांच्या शाळेचा. त्यासाठी घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, असे त्यांचे मत होते.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा, नदीचे घाट, शाळा आणि वसतिगृहे उभी केली. पंढरपूरला दलित यात्रेकरूंसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. 1949 मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केली. स्वतःसाठी मात्र त्यांनी एक झोपडीही ठेवली नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीला जात असताना वलगावजवळ प्रवासातच त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आजही टोळीबरोबर आईवडील निघाले, की काही मुलांची शाळा सुटते. तुमच्या वर्गातली एखादी जागा अशी रिकामी झाली, तर त्या मित्राला विसरू नका. तो परत येईल तेव्हा आपली वही त्याला द्या आणि मागे पडलेला धडा समजावून सांगा. आणि एखाद्या मजुराने हिशोबाचा कागद तुमच्यापुढे धरला, तर तो नीट वाचून दाखवा. डेबूच्या मामांना तो वाचून दाखवणारा कोणीच नव्हता.