विश्लेषण : समतेच्या सभागृहाचे दार भारतीयांसाठी कसे उघडले? ‘खडा पारशी’ उभारणाऱ्या माणेकजींची कहाणी

मुंबईत भायखळ्याच्या उड्डाणपुलावरून जाताना एका उंच स्तंभावर उभा असलेला पारशी गृहस्थाचा पुतळा दिसतो. हाच तो प्रसिद्ध ‘खडा पारशी’. पुतळा शेठ कर्सेटजी माणेकजी यांचा. तो उभारला त्यांचे धाकटे पुत्र माणेकजी कर्सेटजी यांनी. वडील पुतळ्यामुळे लक्षात राहिले, मुलाचे नाव मात्र मागे पडले. फोर्टमधील फ्रीमेसन्स हॉलची गोष्ट याच मुलापासून सुरू होते.

माणेकजी कर्सेटजी कोण होते?

जन्म १८०८, मृत्यू १८८७. मुंबईच्या लघुवाद न्यायालयाचे ते न्यायाधीश होते. त्या काळी शहरातील अनेक संस्थांची दारे भारतीयांना बंद होती. टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे सभासदत्वही १८४० पर्यंत केवळ युरोपीयांकडे होते. त्या वर्षी प्रवेश मिळालेले पहिले भारतीय म्हणजे माणेकजी. पुढचे दार होते फ्रीमेसनरीचे.

फ्रीमेसनरी म्हणजे काय?

मेसन म्हणजे गवंडी. मध्ययुगीन युरोपात चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या पाथरवटांच्या संघटनांशी या बंधुसंघाची परंपरा जोडली जाते. लंडनमध्ये १७१७ साली चार शाखा एकत्र आल्या आणि त्याला आजचे संघटित रूप आले. शाखेला ‘लॉज’ म्हणतात. सभासद प्रत्यक्षात दगड घडवत नाहीत, पण गवंड्याची हत्यारे त्यांनी आचरणाची प्रतीके म्हणून स्वीकारली. प्रवेशाची मुख्य अट : परमेश्वरावर श्रद्धा. धर्म कोणताही चालतो.

सभागृहाची रचना कशी असते?

इथे वास्तूच नियमपुस्तिकेचे काम करते. सभागृह लांबट चौकोनी असते. बाहेरच्याला आत डोकावता येऊ नये, याची काळजी घेतलेली असते. दाराबाहेर तलवारधारी पहारेकरी उभा असतो. जमिनीवर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी फरशी असते. सुख-दुःख, उजेड-अंधार आयुष्यात शेजारी शेजारी असतात, हा तिचा अर्थ. बायबलमधील सॉलोमन राजाच्या मंदिराची आठवण म्हणून दोन स्तंभ असतात.

अध्यक्षाची खुर्ची पूर्वेला असते, कारण सूर्य तिथे उगवतो. दोन सहायक पश्चिमेला आणि दक्षिणेला बसतात. अध्यक्षाचे चिन्ह गुण्या, म्हणजे वागण्यातला काटकोन. पश्चिमेच्या सहायकाचे चिन्ह पाणसळ आणि दक्षिणेच्या सहायकाचे ओळंबा. पाणसळीचा अर्थ सर्वात सोपा : या फरशीवर उभे राहिलेले सगळे एकाच पातळीवर. बाहेर कोणी गव्हर्नर असो वा कारकून, आत सगळे बंधू. सभागृहात दोन दगडही ठेवतात, एक ओबडधोबड आणि एक घडवलेला. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास माणसाने करायचा असतो.

मग माणेकजींना नकार का मिळाला?

पाणसळ सभागृहाच्या आत होती आणि दार मात्र गोऱ्यांच्या हाती होते. नव्या सभासदासाठी गुप्त मतदान होते. पांढरी गोळी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. कोणी कोणती गोळी टाकली हे कळत नाही, त्यामुळे पूर्वग्रहाला कारण द्यावे लागत नाही. मुंबईत दार उघडत नव्हते. माणेकजींनी युरोप दौऱ्यात पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. नियमाप्रमाणे ते आता बंधू झाले होते, तरीही परतल्यावर मुंबईतील युरोपीयांच्या लॉजने त्यांना सामावून घेतले नाही.

कोंडी कशी फुटली?

डॉ. जेम्स बर्न्स हे कंपनी सरकारचे डॉक्टर आणि पश्चिम भारतातील स्कॉटिश फ्रीमेसनरीचे प्रमुख होते. भारतीयांना सामावून घेण्यासाठी त्यांनी वेगळे लॉज काढायचे ठरवले. १५ डिसेंबर १८४३ रोजी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ स्थापन झाले. बर्न्स अध्यक्ष आणि माणेकजी सचिव झाले. पारशी आणि मुस्लीम सभासदांना तिथे वाट मिळाली. मात्र हा विजय अर्धाच होता : जुन्या लॉजचे दार उघडले नव्हते, शेजारी दुसरे दार पाडले गेले होते. हिंदूंना तर आणखी थांबावे लागले. अनेक देव मानणाऱ्याला परमेश्वराची अट कशी लागू करायची, असा आक्षेप घेतला जाई. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळाला तो वर्षानुवर्षे झगडल्यावर, १८७२ मध्ये.

मुंबईतील हॉल कुठे आहे?

मुंबईचा तट १८६० च्या दशकात पाडला गेला आणि फोर्टमध्ये बांधकामाला जागा मोकळी झाली. तिथल्या एका रस्त्याला रॅव्हलिन स्ट्रीट नाव मिळाले. रॅव्हलिन म्हणजे तटाबाहेरचा त्रिकोणी बुरूज. याच रस्त्यावर, आजच्या डी. सुखाडवाला मार्गावर, १८९७ मध्ये फ्रीमेसन्स हॉल उभा राहिला. तो पाहायला माणेकजी नव्हते, त्यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. स्वतंत्र भारताची ग्रँड लॉज १९६१ मध्ये स्थापन झाली आणि कारभाराची सूत्रे भारतीयांकडे आली.

माणेकजींचे मोठे काम कोणते?

बंद दाराचा अनुभव घेतलेल्या माणेकजींनी आपल्या घराकडेही पाहिले. मुलींनी इंग्रजी शिकणे प्रतिष्ठित घरांनाही पसंत नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या मुलींना शिकवले. १८६३ मध्ये त्यांनी अलेक्झांड्रा मुलींची इंग्रजी शाळा काढली. ब्रिटनच्या युवराजांशी त्याच वर्षी विवाह झालेल्या राजकन्येचे नाव शाळेला दिले. टीका झाली, पण शाळा टिकली. ती आजही फोर्टमध्येच, फ्रीमेसन्स हॉलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

या दोन वास्तू एकमेकींजवळ असल्या तरी त्यांच्यात एक फरक उरतो. ग्रँड लॉजच्या सभासदत्वात आजही फक्त पुरुष आहेत. समतेच्या फरशीवर स्त्रियांना अजून जागा मिळालेली नाही. माणेकजींनी मुलींसाठी वेगळे दार बांधले, त्यालाही आता दीडशेहून अधिक वर्षे झाली.